आईचं नागरिकत्व कुठलं यावर बापाचं नाव अडतं तेव्हा – परका कौटुंबिक कायदा कोर्ट बाजूला का ठेवतं?

सायली_इकडचीतिकडची (धागाकर्ती)

बरेच दिवस यावर लिहायचं डोक्यात होतं. मी फ्रान्समध्ये एका वकिलांच्या ऑफिसात फायलींचं काम करते. स्वतः वकील नाही, त्यामुळे व्यनि करून सल्ला मागू नका प्लीज. पण पितृत्वाच्या केसेसमध्ये एक प्रकार इतक्यांदा दिसतो की इथे मांडावासा वाटला.

समजा लिओंमध्ये राहणारी एक बाई आहे, नागरिकत्व कॅमेरूनचं. मूल फ्रान्समध्येच जन्मलं, शाळा इथलीच, बोलतं फ्रेंचच. बाप पण इथलाच पण तो नाव लावायला तयार नाही. बाई कोर्टात जाते. आता आपल्याला वाटेल की कोर्ट म्हणेल करा डीएनए आणि संपवा विषय. तसं होत नाही. न्यायाधीशाला आधी ठरवावं लागतं की कायदा कुठल्या देशाचा लावायचा, आणि फ्रेंच सिव्हिल कोडचं कलम ३११-१४ (हे १९७२ पासून आहे) सांगतं की मुलाच्या जन्माच्या दिवशी आईचा जो वैयक्तिक कायदा, म्हणजे तिच्या नागरिकत्वाच्या देशाचा, तो. आई कोण हेच माहीत नसेल तर मुलाचा. बाप कुठला, मूल कुठे वाढतंय, याला त्या कलमात किंमत शून्य.

म्हणजे फ्रेंच न्यायाधीश कॅमेरूनचा सिव्हिल कोड उघडून बसणार. त्यातल्या कलम ३४० मध्ये काय आहे तर गर्भधारणेच्या काळात बाईचं वर्तन उघड उघड बदफैली असेल किंवा तिचे दुसऱ्या कुणाशी संबंध असतील तर पितृत्वाचा दावा दाखलच होऊ शकत नाही. नीट वाचा, दावा हरत नाही, दाखलच होत नाही. म्हणजे समोरच्याच्या वकिलाने दोन मित्रांची लेखी निवेदनं जोडली की "त्या काळात ती अमक्याबरोबर पण फिरायची" की डीएनएपर्यंत गाडी जातच नाही.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयासमोर (कूर द कासास्यों) नेमका हाच मुद्दा आला आणि त्यांनी सांगितलं की हे कलम मुलाचा बाप कोण हे ठरवून घेण्याचा हक्कच काढून घेतं, त्यामुळे ते आमच्या आंतरराष्ट्रीय सार्वजनिक नीतीच्या (म्हणजे परका कायदा लावतानाही मोडू द्यायची नाहीत अशा मूलभूत तत्त्वांच्या) विरुद्ध, बाजूला ठेवा आणि फ्रेंच कायदा लावा. आयव्हरी कोस्टच्या कायद्याबाबत २०११ ला असाच निकाल आला होता.

आता माझं म्हणणं. निकाल बरोबरच आहे. पण "मागासलेला परका कायदा आणि सुधारलेलं युरोपियन कोर्ट" अशी जी गोष्ट यातून लोक काढतात ती मला पटत नाही. एक तर तो कायदा परका नाहीच, त्यावर खाली लिहीन. आणि दुसरं म्हणजे अशा केसेस मुळात उभ्या राहतात त्या फ्रान्सनेच आईच्या नागरिकत्वाला बापाच्या प्रश्नाची किल्ली करून ठेवलंय म्हणून. तुम्हाला काय वाटतं?

---

टवाळ_कार्टं

पहिला नंबर माझा. बाकी शांतपणे वाचून लिहितो.

---

अण्णा_दप्तरवाले

सायलीताई, धागा चांगला आहे पण एक मूलभूत शंका. ज्या कोर्टात केस चालू आहे त्या कोर्टाने आपला कायदा लावावा ना सरळ. परक्या देशाचा कायदा लावायची हौस कशाला? आधी आणायचा आणि मग फेकायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

---

सायली_इकडचीतिकडची

@अण्णा, हौस नाही हो. विचार असा की माणसाचं नातं देश बदलला म्हणून बदलू नये. आज एका देशात बाप आहे, उद्या विमानात बसलं की नाही, असं होऊ नये. आणि दुसरं कारण, तुमच्या म्हणण्यासारखं केलं तर जो तो आपल्या सोयीचं कोर्ट शोधत फिरेल. इंग्लंडमध्ये बरंचसं तुम्ही म्हणता तसंच आहे, तिथलं कोर्ट मूल-बाप प्रश्नात शक्यतो आपलाच कायदा चालवतं. युरोपातले बाकीचे बरेच देश मात्र आधी "कुणाचा कायदा" विचारतात.

आणि फ्रान्समध्ये तर न्यायाधीशाला टाळता पण येत नाही. १९९९ च्या मे महिन्यातला निकाल आहे, की हे हक्क पक्षकारांना आपसात सोडून देण्यासारखे नाहीत, त्यामुळे कुणी परक्या कायद्याचं नावही काढलं नाही तरी न्यायाधीशाने स्वतःहून तो तपासायचा. २००५ पासून तर तो शोधून काढायची जबाबदारीही त्याच्यावरच, पक्षकारांची मदत घेऊन.

---

मैत्रेयी_दुभाषी

हा "शोधून काढायचा" प्रकार मी जवळून बघितलाय म्हणून लिहिते. कोर्टासमोर परका कायदा येतो तो बहुतेक वेळा एका दाखल्याच्या रूपात, त्या देशाच्या वकिलातीने किंवा तिथल्या एखाद्या वकिलाने दिलेला, की आमच्याकडे या बाबतीत कायदा असा असा आहे. दोन तीन पानं, गोल शिक्का, खाली सही, मागे कोडच्या पानाची झेरॉक्स स्टेपल केलेली, तीही कधीकधी इतकी फिकट की कलमाचा आकडा ३ आहे का ८ कळत नाही. आणि गंमत म्हणजे आईच्या वकिलाचा दाखला एक सांगतो आणि बापाच्या वकिलाचा दुसरंच, दोन्ही शिक्क्यासकट! एकात कलम जसंच्या तसं असतं, दुसऱ्यात "अलीकडे आमची कोर्टं असा अर्थ लावतात" वगैरे. न्यायाधीशबाई चष्मा काढून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत बसल्या होत्या, ते माझ्या चांगलं लक्षात आहे. आणि तेवढ्या कागदांवर एका मुलाचा बाप ठरणार.

---

कलमबहाद्दर

वकील आहे, पण या विषयातला नाही, तरी दोन पैसे टाकतो.

लोकांचा गैरसमज असा असतो की कोर्टाने परका कायदा "रद्द" केला. अजिबात नाही. फ्रेंच कोर्ट कॅमेरूनचा कायदा रद्द करूच शकत नाही, कॅमेरूनमध्ये तो जसाच्या तसा. कोर्ट फक्त म्हणतं की या केसमध्ये, या मुलाच्या बाबतीत, हा नियम लावल्यावर जो परिणाम येतो तो आम्हाला चालणार नाही. वजन परिणामाचं करायचं, कायद्याचं नाही. त्यामुळे तोच कायदा एका केसमध्ये चालतो आणि दुसरीत नाही.

जर्मनीत हेच ईजीबीजीबीच्या (कुठल्या देशाचा कायदा लावायचा ते सांगणारा तिथला कायदा) कलम ६ मध्ये आहे, स्वित्झर्लंडच्या तशाच कायद्यात कलम १७. सगळीकडे तत्त्व एकच, शेवटचा उपाय म्हणून वापरा, ऊठसूट नको.

---

अवनी_ज

"तोच कायदा एका केसमध्ये चालतो आणि दुसरीत नाही" याचं उदाहरण द्याल का? ऐकायला फार विचित्र वाटतंय. हक्क असेल तर सगळ्या मुलांना असेल ना?

---

सायली_इकडचीतिकडची

@अवनी, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस.

१९९३ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या याच सर्वोच्च न्यायालयाने एक सूत्र दिलं होतं. विवाहाबाहेरच्या मुलाला बाप मिळूच न देणारे परके कायदे तत्त्वतः आमच्या सार्वजनिक नीतीच्या विरुद्ध नाहीत, पण मूल फ्रेंच असेल किंवा कायम फ्रान्समध्ये राहत असेल तर मात्र आहेत. म्हणजे जवळचं मूल आणि लांबचं मूल असा भेद. आणि २००६ ला ते खरंच लावलं गेलं. अल्जीरियाच्या एका मुलीची केस होती, ती फ्रेंच नव्हती आणि फ्रान्समध्ये राहतही नव्हती, तर कोर्ट म्हणालं की अल्जीरियाचा कायदा लावा, आमची हरकत नाही. झालं. बाप नाही.

२०११ आणि २०१७ च्या निकालांत मात्र मूल फ्रेंच आहे की नाही, कुठे राहतं, यावर भर दिलेला नाही. सरळ म्हटलंय की बाप शोधण्याचा हक्कच हिरावतो म्हणून बाजूला. त्यावरून तिथल्या प्राध्यापक मंडळींत वाद आहे की जवळ-लांबचा भेद कोर्टाने सोडला का नुसता उल्लेख करायचा राहिला. मला वाटतं सोडला, आणि बरं केलं. बापाचा पत्ता फ्रान्समध्ये, केस फ्रान्समध्ये, आणि मुलाला सांगायचं की तू लांब राहतोस म्हणून तुझा हक्क पातळ, हे मला तरी पचत नाही.

---

फकीर_मस्तमौला

मी थोडा उलट बाजूने बोलतो, शिव्या घालू नका.

हे सगळं वाचताना असं वाटतं की ज्या ज्या देशात विवाहाबाहेर पितृत्व मानत नाहीत तिथली मुलं वाऱ्यावर. तसं नाहीये. मुस्लिम कायद्यात नसब, म्हणजे बापाकडून येणारं कायदेशीर नातं, विवाहाशी बांधलेलं आहे हे खरं. पण अनाथ किंवा सोडलेल्या मुलाला सांभाळण्यासाठी कफाला आहे. ती संस्था संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही, कलम २० मध्ये, नाव घेऊन मान्य केलेली आहे. ट्युनिशियाने १९९८ मध्येच कायदा करून बाप माहीत नसलेल्या मुलांना आडनाव मिळायची सोय केली आणि त्यात डीएनए पण आलं. अल्जीरियाने २००५ मध्ये शास्त्रीय पुराव्याला जागा दिली, भले विवाहाच्या चौकटीतच. म्हणजे तिकडेही बदल चालू आहेत. युरोपियन कोर्ट जेव्हा "आमच्या नीतीला धरून नाही" म्हणतं तेव्हा त्यात एक वरून खाली बघण्याचा सूर मला ऐकू येतो.

---

अवनी_ज

@फकीर, कफालामध्ये सांभाळ मिळतो, वारसा आणि नातं नाही. आणि इथे बाप मेलेला किंवा हरवलेला नाहीये हो, तो जिवंत आहे, कमावतोय, फक्त नाही म्हणतोय. त्याच्या "नाही"ला कायद्याचं कवच कशाला?

---

फकीर_मस्तमौला

मान्य. ती बाजू लंगडी आहे. मोरोक्कोत हे फार उघडं पडलं. टांजियरच्या खालच्या कोर्टाने २०१७ मध्ये डीएनएवरून म्हटलं की जैविक बाप हाच आहे आणि त्याला एक लाख दिऱ्हाम भरपाई द्यायला लावली, पण नसब मात्र दिलं नाही. वरच्या कोर्टाने तेही फिरवलं, आणि २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने वरच्या कोर्टाचंच कायम ठेवलं. म्हणजे रक्त जुळतंय हे सिद्ध होऊनही कायद्याने परकाच. तरी माझा सुराबद्दलचा मुद्दा कायम आहे.

---

सायली_इकडचीतिकडची

@फकीर, सुराबद्दल सहमत, आणि तिथेच माझा मूळ मुद्दा येतो. वर म्हटलं होतं ना की तो कायदा परका नाहीच.

कॅमेरूनचं ते कलम ३४० आलं कुठून? फ्रान्समधूनच. नेपोलियनच्या १८०४ च्या कोडमध्ये कलम ३४० एका ओळीत सांगायचं की बाप कोण हे शोधायला मनाई आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ तसंच. मग १६ नोव्हेंबर १९१२ च्या कायद्याने दार किलकिलं केलं, काही ठरावीक परिस्थितीत (बलात्कार, लग्नाचं वचन देऊन फसवणूक, बापाचं लेखी कबुलीपत्र वगैरे) दावा लावता येईल म्हणाले. पण सोबत अट घातली की बाई बदफैली असेल किंवा तिचा दुसऱ्याशी संबंध असेल तर दावा दाखल नाही. शब्द जवळपास तेच! हा कोड वसाहतींत गेला. कॅमेरून १ जानेवारी १९६० ला स्वतंत्र झाला, कोड तिथेच राहिला. आणि फ्रान्सने स्वतःच्या कलमातून ही अट काढली कधी? जानेवारी १९९३ च्या कायद्याने. म्हणजे २०१७ ला जे कलम "आमच्या नीतीच्या विरुद्ध" ठरलं ते १९९३ पर्यंत पॅरिसच्या कोर्टात रोज लागत होतं. स्वतःच दिलेला जुना कोट दुसऱ्याच्या अंगावर बघून नाक मुरडल्यासारखं आहे हे.

याचा अर्थ निकाल चुकला असा नाही. डीएनए नव्हतं तेव्हा "दोन पुरुष, मग बाप कोण सांगणार?" या युक्तिवादाला निदान काही तरी बूड होतं. आता काहीच नाही, उरली आहे ती फक्त बाईला दिलेली शिक्षा आणि ती भोगतंय मूल.

---

कलमबहाद्दर

क्या बात है, हे माहीत नव्हतं. भर घालतो, जर्मनीतही जुन्या बीजीबीमध्ये (तिथला सिव्हिल कोड) कलम १७१७ खाली हाच बचाव होता, बाईचे दुसऱ्याशी पण संबंध होते असं दाखवलं की पोटगीचा दावा खलास. शिवाय अनौरस मूल आणि त्याचा बाप हे एकमेकांचे नातेवाईकच नाहीत असं कलम १५८९ सरळ म्हणत होतं. हे सगळं १ जुलै १९७० ला गेलं. तेव्हा युरोपने फार मिशीला पीळ देऊ नये हे खरंच.

---

टवाळ_कार्टं

आलो परत. एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा बाईने ऑनलाइन किट मागवून मुलाचा आणि बापाच्या टूथब्रशचा नमुना पाठवावा. काम तमाम.

---

मैत्रेयी_दुभाषी

@टवाळ, फ्रान्समध्ये तो गुन्हा आहे रे बाबा. नातं तपासायला डीएनए चाचणी फक्त कोर्टाच्या हुकमाने. स्वतः किट मागवलंस तर ३,७५० युरोपर्यंत दंड, आणि तो रिपोर्ट कोर्टात चालणार नाही ते वेगळंच. कोर्टाने सांगूनही बाप नमुना द्यायला नाही म्हणाला तर त्याला धरून बांधून घेत नाहीत, पण नकाराचा अर्थ काय लावायचा ते न्यायाधीशाच्या हातात. बहुतेकदा तो त्याला महागात पडतो.

---

गप्पिष्ट_नानी

ते बेल्जियमच्या राजाचं पण असंच झालं ना? मी टीव्हीवर पाहिलं होतं. मुलगी केवढी मोठी झाली तरी तो नाहीच म्हणत होता.

---

कलमबहाद्दर

हो नानी, दुसरा आल्बेर. पण ती पूर्णपणे घरची केस होती, परक्या कायद्याचा संबंध नव्हता. डीएनए द्यायला टाळत होते, मग २०१९ ला कोर्टाने दर दिवसाला ५,००० युरो दंड लावला तेव्हा नमुना दिला, जानेवारी २०२० ला कबूल केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती राजकन्या झाली. अवांतर पुरे.

---

अण्णा_दप्तरवाले

भारतात काय स्थिती आहे ते कुणी सांगेल का? आपल्याकडे पण परका कायदा येतोच की कोर्टात.

---

कलमबहाद्दर

थोडक्यात सांगतो कारण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. आपल्याकडे परका कायदा हा पुराव्याने सिद्ध करायची गोष्ट, तज्ज्ञाचं मत लागतं. आणि परदेशी निकाल आला तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ बघायचं, नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध असेल किंवा भारतीय कायदा लागू असताना तो मानला नसेल तर तो निकाल इथे बंधनकारक नाही.

पितृत्वाचं म्हणाल तर आपलं गृहीतक अजून १८७२ चंच. लग्न चालू असताना किंवा ते संपल्यावर २८० दिवसांत मूल झालं (आईने मधे पुन्हा लग्न केलेलं नसेल तर) तर ते नवऱ्याचं, नवरा-बायकोचा संपर्कच शक्य नव्हता असं दाखवलं तरच उलट. पूर्वी ते पुरावा कायद्याचं कलम ११२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६. आकडा बदलला, मजकूर तोच. आणि सुप्रीम कोर्ट वारंवार सांगतं की डीएनए सरसकट मागू नका, मुलाच्या खासगीपणाचाही विचार करा. २०१४ च्या एका निकालात मात्र डीएनए रिपोर्ट समोर आलेलाच असेल तर गृहीतकापेक्षा तो वरचढ असं म्हटलं.

आता गंमत बघा, हेच भारतीय गृहीतक उद्या एखाद्या भारतीय आईच्या केसमध्ये फ्रेंच कोर्टासमोर जाईल. तेव्हा "परका कौटुंबिक कायदा" म्हणजे आपला.

---

अवनी_ज

बापरे, हा शेवटचा परिच्छेद डोक्यातच आला नव्हता.

सायली, तू म्हणालीस की दोष मूळ नियमात आहे. मग दुसरे देश काय करतात?

---

सायली_इकडचीतिकडची

जर्मनीत ईजीबीजीबी कलम १९ आहे. मूल नेहमी जिथे राहतं तिथला कायदा. त्याच्याच जोडीला त्या त्या पालकाच्या नागरिकत्वाचा, किंवा आई विवाहित असेल तर तिच्या विवाहाला जो लागू होतो तो, अशी दोन तीन दारं. स्वित्झर्लंडमध्येही मुख्य आधार मुलाचं राहण्याचं ठिकाण. त्यामुळे माझ्या उदाहरणातलं मूल लिओंऐवजी म्युनिकमध्ये असतं तर थेट जर्मन कायदा लागला असता, सार्वजनिक नीतीचं अस्त्र बाहेर काढायची वेळच आली नसती.

फ्रान्समध्ये कधी कधी चोरवाट सापडते. २०२० च्या मार्चमध्ये जर्मन आईची केस होती. ३११-१४ ने पाठवलं जर्मन कायद्याकडे, जर्मन कायदा म्हणाला मूल राहतं फ्रान्समध्ये तर फ्रेंच कायदा लावा, आणि कूर द कासास्योंने ते मान्य केलं. पण ही वाट आईच्या देशाचा कायदा तसं परत पाठवत असेल तरच.

अजून एक विसंगती. बाप स्वखुशीने नाव लावत असेल तर कलम ३११-१७ म्हणतं, त्याच्या किंवा मुलाच्या कुणा एकाच्या कायद्यात बसलं तरी पुरे. म्हणजे राजी असलेल्या बापासाठी दोन दारं उघडी आणि नाराज बापाच्या मुलाला एकच, तेही आईच्या पासपोर्टच्या रंगाचं. ज्याला कायद्याची गरज जास्त त्यालाच वाट अरुंद.

युरोपियन कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये एक मसुदा मांडलाय, त्यात जन्म देणारी व्यक्ती नेहमी कुठे राहते तिथला कायदा धरलाय. पण त्याला सगळ्या सरकारांचं एकमत लागतं, आणि त्यात सरोगसी आणि समलिंगी पालकही येतात त्यामुळे काही देश अडून बसलेत.

---

फकीर_मस्तमौला

ठीक, पण एक सांगा. फ्रेंच कोर्टाने बाप दिला. मग ते मूल आईच्या देशात गेलं तर?

---

सायली_इकडचीतिकडची

हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि ऑफिसात बायका हेच विचारतात. फ्रान्समध्ये त्या मुलाला आडनाव, पोटगी, वारसा सगळं मिळतं, आणि बाप फ्रेंच असेल आणि मूल सज्ञान व्हायच्या आत निकाल झाला तर नागरिकत्वही. पण आईच्या देशातलं कोर्ट म्हणू शकतं की आमचा कायदा डावलून दिलेला निकाल आम्ही आमच्या सार्वजनिक नीतीप्रमाणे मानत नाही. तो अधिकार त्यांनाही आहे, तंतोतंत तोच. मग एका देशात बाप आहे आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे अण्णांना वर सांगितलेलं जे टाळायचं होतं तेच झालं. बापाची जमीन किंवा घर त्या दुसऱ्या देशात असेल तर भांडण खरं तिथेच पेटतं. म्हणून आमच्या ऑफिसात फाईल उघडताना पहिल्याच भेटीत बापाची मालमत्ता कुठे कुठे आहे ते विचारून घेतात, डीएनएचं नाव त्यानंतर निघतं.

---

गप्पिष्ट_नानी

आणि बाप वारला असेल तर? आमच्या ओळखीत एकीचं तसं आहे, म्हणून विचारते हो.

---

मैत्रेयी_दुभाषी

नानी, फ्रान्समध्ये माणसाने जिवंतपणी स्पष्ट संमती दिली नसेल तर मेल्यावर डीएनए घेत नाहीत. इव्ह माँतां या अभिनेत्याला १९९८ ला पुरलेल्या जागेतून बाहेर काढलं होतं, निघालं की तो बाप नव्हताच, त्यावर इतका गदारोळ झाला की २००४ ला कायदाच बदलला. पण युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने २००६ मध्ये स्वित्झर्लंडला उलट सुनावलं की म्हाताऱ्या मुलालाही आपला बाप कोण हे कळायचा हक्क आहे, मृताच्या डीएनएला नकार देणं चूक. स्पेनमध्ये तर २०१७ ला चित्रकार दालीला बाहेर काढलं, तिथेही उत्तर नाहीच. बाप वारला तरी फ्रान्समध्ये दावा लावता येतो, त्याच्या वारसांविरुद्ध. आईला मूल अज्ञान असेपर्यंत मुदत, नंतर मुलाला स्वतःला सज्ञान झाल्यापासून दहा वर्षं. ओळखीतल्या त्या मुलीचं वय काय आहे ते आधी बघा, अठ्ठावीसच्या आत असेल तर ताबडतोब तिथला वकील गाठायला सांगा.

---

गप्पिष्ट_नानी

सव्वीस. आजच फोन करते तिला.

---